ताई रिप्लाय देत नाहीत, सरांना एमएल हवंय आणि हातात सहा आठवडे

प्रश्न : दादा नमस्कार, मी बीई कॉम्प्युटरला आहे. आमचा चौघांचा फायनल इयर प्रोजेक्ट एका संस्थेसाठी आहे, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत ते मुलांसाठी पाच अभ्यासिका चालवतात, साधारण १८० मुलं येतात. ऑगस्टमध्ये ठरलं होतं की हजेरीचं ॲप करायचं. मग त्यात मार्कांची नोंद आली, मग पालकांना मेसेज, आणि आता संस्थेतल्या ताई म्हणतायत देणगीदारांसाठी पण एक पोर्टल करून द्या. पण आम्ही काही विचारलं की दहा-दहा दिवस रिप्लाय नाही. गाइड सर म्हणतात यात मशीन लर्निंग (एमएल, म्हणजे डेटावरून कॉम्प्युटरने स्वतः अंदाज बांधायला शिकणं) नाहीये, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक मार्क कापतील, कोणतं मूल शाळा सोडणार ते प्रेडिक्ट करा. ग्रुपमधला एक जण प्लेसमेंट झाल्यापासून गायब आहे. दुसरा म्हणतो डमी डेटा टाकू, डेमो देऊ, विषय संपवू, तसंही फुकटच काम करतोय, आणि कोड आपलाच आहे तर नंतर विकता पण येईल. मला असं करवत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाहीये. सबमिशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.
— सिंहगड रोडवरून, वैतागलेली

उत्तर :

पत्र वाचून मी आधी तारीख बघितली. मार्च सुरू झालाय. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेसाठी मार्च म्हणजे काय असतं ते सांगतो, दहावी-बारावीचे पेपर चालू असतात, मुलं रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात कारण घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असतो, कुणाचं हॉलतिकीट हरवतं, कुणाच्या घरी भांडण होतं आणि ताईंना फोन येतो, आणि हे सगळं चालू असताना डोक्यावर ३१ मार्च. त्या तारखेला आर्थिक वर्ष संपतं, ऑडिटरला बिलं द्यायची, देणगीदारांच्या ८०जी च्या (आयकर सवलतीसाठीच्या) पावत्या, कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) पैसे आले असतील तर ते कुठे खर्च झाले त्याचा रिपोर्ट. बहुतेक छोट्या संस्थांमध्ये ही सगळी कामं दीड-दोन माणसं करतात. तुमच्या ताई त्यातल्याच एक असणार, त्यामुळे तुमच्या मेसेजवर निळ्या टिक येऊन दहा दिवस जातात, त्याचा अर्थ त्यांना तुमची किंमत नाही असा घेऊ नकोस. आणि पोर्टलची मागणी नेमकी आत्ताच का आली तेही यातून कळतंय बघ, पावत्या करून करून बाई थकल्यात आणि समोर कॉम्प्युटरची चार पोरं दिसतायत म्हणून मागितलं.

मी नऊ वर्षं एका संस्थेत होतो, येरवड्याच्या बाजूला, आणि दरवर्षी आमच्याकडे प्रोजेक्टवाली मुलं यायची. एका वर्षी इंजिनीअरिंगच्या पाच जणांनी हजेरीची इतकी सुंदर सिस्टिम केली होती, डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ, सगळं. डेमोला आम्ही सगळे जमलो, पेढे वाटले, फोटो काढले, त्यांना सर्टिफिकेट दिलं. जूनमध्ये मुलं नोकरीला लागली, कुणी बंगळूर, कुणी हैदराबाद. ऑगस्टमध्ये एके दिवशी लॉगिनच होईना. सिस्टिम एका मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर उभी होती, फ्री प्लॅनची मुदत संपली होती, आणि त्या मुलाचा नंबर बदललेला. शिकवणाऱ्या ताईंनी काही न बोलता कपाटातून लाल कव्हरची वही काढली आणि परत हजेरी लिहायला लागल्या. तीन महिन्यांची हजेरी गेली ती गेलीच. त्या मुलांवर माझा राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ऑगस्ट पण येतो. आम्हीही विचारलं नाही, ती चूक आमची.

त्याच्या दुसऱ्या वर्षी बीसीएच्या दोन मुली आल्या. पहिले तीन-चार दिवस त्यांनी काहीच केलं नाही, नुसत्या कोपऱ्यात बसून बघत होत्या, मला तर वाटलं या टाइमपास करतायत. मग त्यांनी मला दाखवलं की आमच्याकडे एकच हजेरी तीन ठिकाणी लिहिली जाते, आधी वहीत, मग ऑफिसला व्हॉट्सॲपवर आकडा, मग महिन्याच्या शेवटी निधी देणाऱ्यांच्या फॉर्ममध्ये परत सगळं. मला इतकी वर्षं ते दिसलं नव्हतं. त्यांनी एक साधं गूगल फॉर्म आणि शीट केलं ज्यातून महिन्याचा फॉर्म आपोआप भरून यायचा, वही तशीच ठेवली कारण वीज गेली की वहीच लागते. एवढंच. मी ती संस्था सोडली तेव्हाही ते शीट चालू होतं.

म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीवर येतं, तुमचा प्रोजेक्ट ज्या दिवशी तुम्ही पुण्यातून निघाल त्याच्या दुसऱ्या दिवशी कोण चालवणार, त्या माणसाचं नाव तुला आत्ता सांगता येतंय का? पत्रात ताई आहेत, सर आहेत, एक्स्टर्नल आहेत, पण रोज संध्याकाळी हजेरी घेणारी जी व्यक्ती आहे तिचा उल्लेखच नाहीये. ती बहुतेक वस्तीतलीच एखादी मुलगी असेल, बारावी झालेली किंवा बीए करणारी, मानधनावर. तिला भेटली आहेस का कधी? नसशील तर या आठवड्यात जा, पेपर नसेल तो दिवस बघून, लॅपटॉप न घेता, आणि दोन संध्याकाळी नुसती बस. तिच्याकडे कोणता फोन आहे, त्यात जागा शिल्लक आहे का, डेटा पॅक कोण भरतं, ती मराठीत टाइप करते की बोलून व्हॉइस टाकते, मुलं यायच्या आधी हजेरी घेते की जाताना. यातली निम्मी उत्तरं तुमच्या ॲपचं डिझाइन बदलतील, आणि ती ताईंना मेसेज करून कधीच मिळाली नसती कारण ताईंनाही ती माहीत नसतात.

आता हिशोब. तिघं जण, सहा आठवडे, आठवड्याला प्रत्येकी आठ तास धरले तर १४४ तास होतात. रिपोर्ट, पीपीटी, प्लॅजरिझम चेक, बाइंडिंगवाल्याकडची रांग, इतर विषयांची सबमिशन्स यात पन्नासेक तास जातात. उरले नव्वद. नव्वद तासांत हजेरी नीट होते, म्हणजे नेट नसतानाही चालणारी, महिन्याचा रिपोर्ट काढून देणारी, आणि तिथल्या माणसाला वापरायला शिकवलेली. मार्कांची नोंद, पालकांचे मेसेज आणि पोर्टल नाही होत. देणगीदारांच्या पोर्टलला तर हातच लावू नका, त्यात लोकांचे पॅन नंबर येतात, पैसे येतात, पावतीत एक आकडा चुकला तर संस्थेला निस्तरावं लागतं. ते काम त्यांच्या अकाउंटंटला विचारून तयार सॉफ्टवेअर घेऊन करायचं आहे, विद्यार्थ्यांनी सहा आठवड्यांत करायचं नाही.

हे ताईंना सांगायला तू घाबरते आहेस असं पत्रावरून वाटलं. समोर मोठं माणूस, चांगलं काम करतंय, त्याला नाही कसं म्हणायचं. पण हो म्हणून अर्धवट देणं हे त्यांच्यासाठी जास्त वाईट आहे. मेसेज साधारण असा टाक, शब्द तुझे घाल :

"ताई नमस्कार, परीक्षांची आणि ३१ मार्चची गडबड आहे माहितीये म्हणून थोडक्यात लिहिते. आमच्याकडे सहा आठवडे आहेत. त्यात हजेरीचं काम पूर्ण करून, तुमच्या दोन अभ्यासिकांमध्ये चालू करून, तिथल्या दीदींना शिकवून देतो. मार्क, पालकांचे मेसेज आणि पोर्टल आमच्याकडून होणार नाही, अर्धवट करून तुमची अडचण वाढवायची नाहीये. हे चालेल का एवढंच हो/नाही कळवा. आणि हजेरीबद्दलचे बारीकसारीक प्रश्न आम्ही थेट कोणाला विचारू शकतो त्यांचं नाव सांगा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता अभ्यासिकेत आलो तर दहा मिनिटं मिळतील का?"

बघ, यात त्यांना विचार करून लिहायचं असं फारसं काही नाहीये. गडबडीतल्या माणसाला "तुमच्या रिक्वायरमेंट्स सांगा" असा मेसेज गेला की तो बाजूलाच पडतो, मीही अशा मेसेजना महिना-महिना उत्तर दिलेलं नाही. हो/नाहीवाल्याला मात्र रिक्षात बसल्या बसल्या उत्तर जातं. त्यांचं हो आलं की तेच मेलवर टाकून सरांना सीसी कर, म्हणजे एप्रिलमध्ये कुणी "पण पोर्टल ठरलं होतं ना" म्हणालं तर कागद असतो.

सरांचं मशीन लर्निंग. सरांची भीती खोटी नाही, एक्स्टर्नल खरंच विचारतात यात नवीन काय. पण शाळा सोडण्याचं प्रेडिक्शन करू नका, आणि का नको ते सरांना आकड्यांत सांगा. १८० मुलं, त्यातली वर्षात समजा दहा-बारा गळतात, तेवढ्या उदाहरणांवर मॉडेल काय शिकणार? "कुणीच सोडणार नाही" असं सरसकट म्हटलं तरी अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर दिसेल, आणि हे एखाद्या चांगल्या एक्स्टर्नलनी व्हायव्हात पकडलं तर तुम्ही तिथेच अडकाल. आणि समजा चाललंही, एखाद्या सातवीतल्या मुलीच्या नावापुढे लाल ठिपका आला की ही सोडणार आहे, तो ठिपका कोण बघणार, बघून काय करणार? शिक्षक तिच्यावर जास्त लक्ष देतील, की मनातून सोडून देतील? मला याची खरंच काळजी वाटते. मुलगी चार दिवस आली नाही की तिच्या घरी जाऊन ये, एवढी साधी सूचना पुरेशी आहे, त्याला मॉडेल लागत नाही.

मग नवीन काय? तुमच्या प्रोजेक्टमध्येच एक अस्सल कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम लपलाय, नावं. एकाच मुलीचं नाव एक दीदी सिद्धी लिहिते, दुसरी सिध्दी लिहिते, तिसरी इंग्रजी अक्षरांत टाकते आणि त्यात पण एच एकदा असतो एकदा नसतो. श्रद्धा आणि श्रध्दा. दीप्ती, दिप्ती. संध्या आणि सन्ध्या. आणि ॲ हे अक्षर बघ, युनिकोडमध्ये ते एकच चिन्ह म्हणूनही आहे आणि काही कीबोर्डवर अ वर चंद्र देऊनही येतं, डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणारी युनिकोडची तयार पद्धत, लावलंस तरी ती दोन एक होत नाहीत, मुद्दाम नियम लिहावा लागतो. तुमच्या डेटाबेसमध्ये एकच मूल तीन वेळा असणार, मी पैज लावून सांगतो. मराठी नावांची अशी डुप्लिकेट शोधणं, किती बरोबर सापडली किती चुकली ते हाताने तपासून मोजणं, यात स्ट्रिंग मॅचिंग आहे, ध्वनीवरून जुळवणी आहे, हवं तर "ही दोन नावं एकाच मुलाची का" ते शिकून ठरवणारं छोटं क्लासिफायरही बसतं म्हणजे सरांचंही समाधान होतं. आणि दुसरं, मोजमाप ठेवा. वहीवर हजेरी आणि महिन्याचा रिपोर्ट करायला आधी किती मिनिटं लागायची, ॲपवर किती लागतात, घड्याळ लावून, दहा दिवस. आधीचे आकडे मात्र आत्ताच घ्यावे लागतील, ॲप चालू झाल्यावर ते परत मिळत नाहीत. खऱ्या ठिकाणचे खरे आकडे असलेला रिपोर्ट वेगळा उठून दिसतो, हे मी व्हायव्हाच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला संस्थेतर्फे बसून पाहिलेलं आहे.

डमी डेटाबद्दल तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. डेव्हलपमेंटला आणि डेमोला डमीच वापरा, खरी नावं वापरूच नका. कारण ही लहान मुलं आहेत. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटाचा जो २०२३ चा कायदा आहे त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती सांगितलीय. पण कायदा बाजूला ठेव, वस्तीतल्या मुलाचं नाव, फोटो, घर कुठे, शाळा कोणती, वडील काय करतात हे सगळं चार विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर आणि ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर का असावं? कुणी आधार कार्डांचे फोटो पाठवले असतील तर आजच डिलीट करा, गॅलरीतून पण, ड्राइव्हच्या ट्रॅशमधून पण. ॲपमध्ये नाव, इयत्ता, अभ्यासिका, बास. खरा डेटा फक्त संस्थेच्या अकाउंटवर, तिथल्या माणसाने भरलेला. रिपोर्टमध्ये मुलांचे चेहरे दिसणारे फोटो नकोत.

मित्राचं दुसरं अर्धं, म्हणजे डेमो देऊन विषय संपवू, ते मला मान्य नाही, आणि तुलाही नाहीये म्हणूनच तू पत्र लिहिलंस.

कोड कोणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो आणि जो लिहितो तो त्याचा पहिला मालक. नोकरीत लिहिलं तर मालकाचं होतं, पण तुम्ही संस्थेचे नोकर नाही. म्हणजे वेगळं काही सही केलेलं नसेल तर तो तुम्हा तिघांचा, त्या गायब झालेल्याने काही लिहिलं असेल तर त्याचाही. कॉलेजची स्वतःची आयपी (बौद्धिक संपदेची) पॉलिसी असू शकते, आणि सुरुवातीला स्पॉन्सरशिप लेटरबरोबर काय काय सह्या केल्या ते काढून वाचा, बरेच जण न वाचता करतात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. माझं मत विचारशील तर मालकी तुमच्याकडे ठेवा आणि संस्थेला एक पानभर लेखी परवानगी द्या, कायम वापरा, हवं तर बदला, दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घ्या, पैसे नाहीत. गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) जरूर टाका, प्लेसमेंटला उपयोग होतो, फक्त पासवर्ड आणि सिक्रेट की कोडबरोबर एकदा कमिट म्हणजे सेव्ह झाल्या तर फाइल डिलीट करूनही हिस्ट्रीत राहतात, त्या बदलून टाका. विकायचं म्हणाल तर हक्क आहे, पण त्याच वस्तीतल्या माणसांनी तुम्हाला वेळ देऊन शिकवलंय, निदान त्यांना सांगून करा.

फुकट काम करतोय का हा प्रश्न मला बरोबर वाटतो, तो टाळू नये. यूजीसीच्या हिशोबात प्रोजेक्ट किंवा फील्डवर्कचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला ३० तासांचं काम. तेवढे तास तुम्ही तुमच्या डिग्रीसाठी करताय, संस्था तुम्हाला खरी जागा आणि खरी माणसं देतेय, हा व्यवहार स्वच्छ आहे. त्याच्या पलीकडे "जरा हे पण करून द्या, ते पण करून द्या" सुरू झालं की ते फुकट काम होतं, आणि चांगलं काम करणारी संस्था असली म्हणून ते वेगळं ठरत नाही. वर दिलेला मेसेज तेवढ्यासाठीच आहे.

आता शेवटचे दोन आठवडे, आणि हे कोडिंगइतकंच महत्त्वाचं माना. संस्थेच्या नावाचं एक जीमेल काढा, रिकव्हरी नंबर ताईंचा, सगळं होस्टिंग, शीट, डेटाबेस त्याच्यावर हलवा. पासवर्ड कागदावर लिहून ताईंच्या कपाटात. फ्री प्लॅनची मर्यादा काय आहे आणि ती संपली तर काय होईल हे मराठीत चार ओळींत लिहा. वापरायचं कसं ते एका पानावर, स्क्रीनशॉट लावून, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून भिंतीला. डेटा एका बटणात एक्सेलमध्ये काढता आला पाहिजे, म्हणजे उद्या ॲप बंद पडलं तरी हजेरी जाणार नाही. आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही तिथे असताना दीदींनी एकटीने सगळं करून दाखवायचं, तुम्ही मागे हात बांधून उभे राहायचं, कितीही चुकलं तरी माउस हातात घ्यायचा नाही. ती जिथे अडकेल तिथेच तुमचं ॲप चुकलंय.

एक गोष्ट जमली तर बघ. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून एपिक्स नावाचा कार्यक्रम चालतो, विद्यार्थी स्थानिक संस्थांसाठी प्रोजेक्ट करतात, आणि त्यांच्या टीममध्ये पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतची मुलं एकत्र असतात, म्हणजे सीनियर गेले तरी काम माहीत असलेलं कुणीतरी मागे राहतं, सेमिस्टर संपलं म्हणून प्रोजेक्ट संपत नाही. आपल्याकडे दरवर्षी नवीन बॅच, नवीन टॉपिक, शून्यापासून सुरुवात. तुमच्या कॉलेजचं धोरण तू बदलू शकत नाहीस पण थर्ड इयरच्या दोघांना हँडओव्हरच्या दिवशी सोबत नेऊ शकतेस, ताईंशी ओळख करून देऊ शकतेस, आणि सरांना म्हणू शकतेस की पुढच्या वर्षी पालकांच्या मेसेजचा भाग हे करतील. ताईंना नाही म्हणालेल्या गोष्टीही मग रांगेत लागतात.

गायब मित्राला एकदा सरळ फोन कर, मेसेज नको, आणि एकच ठरावीक काम दे, रिपोर्टचं लिटरेचर सर्व्हे किंवा नावांच्या जोड्या हाताने तपासणं, तारखेसकट. नाही केलं तर सरांना आत्ता सांग, एप्रिलमध्ये सांगितलं की ती तक्रार वाटते.

ताईंचा रिप्लाय दोन दिवसांत आला नाही तर वाट बघत बसू नकोस, शनिवारी पाचला तशीच जा, त्या नसल्या तरी हजेरी घेणारी दीदी असेल. जाऊन आल्यावर तिच्याकडे कोणता फोन निघाला ते मला कळव.